प्रवाहविद्येचे आचार्य : लुडविग प्रांटल

आपल्या घरातील विजेचा पंखा उन्हाळ्यात दिवसरात्र फिरत असतो. त्याच्या पात्यांवरून वारा इतक्या वेगाने जातो की टेबलावरील कागद उडून जातात. तथापि महिन्या-दोन महिन्यांनी पंखा पुसावयास घेतला म्हणजे त्याच पात्यांवर धुळीचा थर बसलेला आढळतो. जो वारा कागद उडवितो त्याला ही बारीकशी धूळ का उडविता येऊ नये, असा प्रश्न आपणांपैकी कितीजणांस पडला असेल? हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे, पण त्याचे उत्तर ज्यांस सापडले त्यांनी विमानविद्येचा शास्त्रीय पाया घातला. त्या थोर पुरुषाचे नाव लुडविग प्रांटल. वायुगतिकी, म्हणजे वाहत्या वायूचे शास्त्र, आज जगातील विद्यापीठांत ज्या रीतीने शिकविले जाते, ती रीत मुख्यतः त्यांच्या गटिंगेन येथील प्रयोगशाळेतून निघाली. अशा पुरुषाचे चरित्र आपल्या घरांतील विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस बोधप्रद होईल, म्हणून येथे थोडक्यात देत आहे.

प्रांटल यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८७५ रोजी दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, म्युनिकजवळील फ्रायझिंग या गावी झाला. त्यांचे वडील शेतकी महाविद्यालयात अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. मातोश्रींची प्रकृती दीर्घकाळ बरी नसल्याने बाळ लुडविगचे बालपण बहुतांशी वडिलांच्या सहवासात गेले. वडिलांनी मुलास पुस्तकांच्या जोडीस यंत्रे दाखविली, उपकरणे हाताळू दिली आणि निसर्गातील घडामोडी नीट पाहून त्यांवर विचार करावयाची सवय लावली. पुढील आयुष्यातील त्यांची सारी विद्या या सवयीवर उभी राहिली असे म्हणावयास हरकत नाही.

१८९४ साली ते म्युनिकच्या तांत्रिक महाविद्यालयात दाखल झाले. तेथे ऑगस्ट फोपल या विख्यात आचार्यांच्या हाताखाली त्यांनी घन पदार्थांच्या यामिकीचा अभ्यास केला आणि तुळईवर भार पडला असता ती बाजूस कशी वळते व ढळते, या विषयावर प्रबंध लिहून १९०० साली डॉक्टरेट मिळविली. म्हणजे ज्या विषयात पुढे त्यांचे नाव अजरामर व्हावयाचे होते, त्या विषयाशी तोपर्यंत त्यांचा फारसा संबंधही नव्हता.

तो संबंध आला एका कारखान्यात, व तोही एका अपयशाच्या निमित्ताने. पदवीनंतर ते न्यूरेंबर्ग येथील एका मोठ्या यंत्रनिर्मिती कारखान्यात अभियंता म्हणून लागले. तेथे यंत्रांतून पडणारा कीस व भुसा हवेच्या झोताने ओढून नेणाऱ्या नळ्यांची योजना सुधारण्याचे काम या तरुणाकडे आले. काम तसे सामान्य होते, आणि एखाद्या विद्वान पदवीधराने ते नाक मुरडून केले असते. प्रांटल यांनी ते मन लावून केले व यंत्रणा अशी सुधारली की तिला लागणारी शक्ती पुष्कळच कमी झाली. परंतु एक गोष्ट त्यांच्या मनास लागून राहिली. पुढे हळूहळू रुंद होत जाणारी नळी बसविली की हवेचा वेग मंदावून दाब पुन्हा वाढावयास हवा, असे पुस्तकांतील गणित सांगत होते. प्रत्यक्षात दाब अपेक्षेप्रमाणे वाढला नाही. हवेने नळीच्या भिंतीची साथ सोडली होती व ती मधूनच निघून जात होती. काम तर झाले होते, मालक संतुष्ट होते. पण हवा भिंतीची साथ का सोडते, हा प्रश्न काही प्रांटल यांस सोडीना. १९०१ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, हॅनोव्हरच्या तांत्रिक महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून ते गेले, तेव्हा हा प्रश्न ते बरोबर घेऊनच गेले.

त्या काळी प्रवाहांच्या शास्त्राची स्थिती मोठी चमत्कारिक होती. गणिती लोक प्रवाह घर्षणरहित आहे असे मानून सुंदर समीकरणे मांडीत. पण त्या समीकरणांवरून पाण्यात वा हवेत जाणाऱ्या वस्तूस मुळी रोधच होत नाही, असा निष्कर्ष निघे. तो खोटा आहे हे होडी वल्हविणाऱ्या कोणाही नावाड्याने सांगितले असते. घर्षण जमेस धरणारी समीकरणेही ठाऊक होती, परंतु ती इतकी बिकट की प्रत्यक्ष कामास ती सोडविता येत नसत. म्हणून अभियंते आपले अनुभवाचे आडाखे वापरीत, गणिती आपल्या समीकरणांत रमत, आणि दोघांचे एकमेकांशी बोलणे जवळजवळ संपले होते.

हॅनोव्हर येथे प्रांटल यांनी पाण्याचा एक लहानसा पाट तयार केला. हाताने फिरवावयाच्या चाकाने त्यातील पाणी वाहते राही. पाण्यात चकचकणाऱ्या खनिजाचे बारीक कण सोडले की प्रवाहाच्या वाटा डोळ्यांस दिसत. निरनिराळ्या आकारांचे अडथळे त्यात ठेवून ते तासन्‌तास पाहत बसत. या पाहण्यातून त्यांस जे उमगले ते असे. पाणी किंवा हवा कितीही वेगाने वाहो, वस्तूच्या पृष्ठभागास अगदी लागून असलेला तिचा अंश त्या पृष्ठभागास चिकटून राहतो. त्याचा वेग तेथे शून्य असतो. पृष्ठापासून किंचित दूर जावे तो वेग झपाट्याने वाढतो व अल्प अंतरावरच पूर्ण होतो. हा जो अत्यंत पातळ थर, त्यास सीमास्तर म्हणतात. घर्षणाचा सारा प्रभाव या थरात एकवटलेला असतो. त्याच्या बाहेरील प्रवाहास घर्षणरहित मानले तरी चालते. याप्रमाणे गणित्यांचे समीकरण थराबाहेर खरे ठरले, अभियंत्यांचा अनुभव थराच्या आत खरा ठरला, आणि कित्येक वर्षांचा वाद मिटला. आपल्या पंख्याच्या पात्यावरील धूळही या थराच्या तळाशी, जेथे वारा पात्याबरोबरच फिरतो तेथे, निर्वेधपणे बसलेली असते.

न्यूरेंबर्गच्या नळीचे कोडेही यातून सुटले. जेथे पुढे दाब वाढत जातो तेथे या थरातील मंदावलेली हवा पुढे रेटावयास असमर्थ होते, थांबते, उलट फिरू लागते, आणि मग सारा प्रवाह भिंतीपासून विलग होऊन मागे भोवरे उठतात. विमानाचे पंख फाजील कलते केले असता त्यांची उचल एकाएकी नाहीशी होते, त्याचे मूळ याच विलगनात आहे. वैमानिकाचा जीव ज्यावर अवलंबून असतो ते हे ज्ञान भुसा ओढणाऱ्या नळीतून निघाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ऑगस्ट १९०४ मध्ये हायडलबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत प्रांटल यांनी हा विचार मांडला. राइट बंधूंचे पहिले उड्डाण होऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. त्यांस बोलावयास दहा मिनिटे मिळाली होती आणि छापील निबंधही थोड्याच पानांचा होता. श्रोत्यांपैकी बहुतेकांस त्याचे महत्त्व कळले नाही. कळले ते फेलिक्स क्लाइन या थोर गणित्यास. उपयोजित विज्ञानास विद्यापीठात मानाचे स्थान मिळावे म्हणून क्लाइन गटिंगेन विद्यापीठात झटत होते. त्यांनी त्याच वर्षी प्रांटल यांस तेथे बोलाविले. त्यासाठी प्रांटल यांस हॅनोव्हरचे पूर्ण प्राध्यापकपद सोडून खालच्या दर्जाचे पद पत्करावे लागले. मनात चलबिचल झाली, पण ज्ञानाच्या संधीपुढे त्यांनी पदाचा मोह बाजूस ठेवला व ते गटिंगेनला गेले. मग अर्धशतक, देह ठेवीपर्यंत, ते तेथेच राहिले.

गटिंगेन येथे त्यांच्या हातून घडलेली कामे पुष्कळ आहेत. त्यांपैकी दोन येथे सांगतो. १९०८-०९ च्या सुमारास, हवाई जहाजांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या एका मंडळाच्या साहाय्याने, त्यांनी वातविवर उभारले. वातविवर म्हणजे एक मोठे बोगद्यासारखे दालन. त्यात वस्तू स्थिर टांगून तिच्यावर वारा सोडावयाचा आणि तिला होणारा रोध व मिळणारी उचल मोजावयाची. अशाच मोजमापांत एकदा मोठा पेच उद्भवला. पॅरिसमध्ये आयफेल, ज्यांचा मनोरा जगप्रसिद्ध आहे तेच, गोलास होणारा रोध मोजीत होते. त्यांचा आकडा गटिंगेनच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आला. प्रथम कोणास वाटले की आयफेल यांचीच चूक झाली. परंतु चूक कोणाचीच नव्हती. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की सीमास्तर शांत न राहता खळबळतो. असा खळबळलेला थर बाहेरील वेगवान हवेतून जोम घेतो, गोलास अधिक मागपर्यंत चिकटून राहतो, मागील भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो आणि रोध एकाएकी घटतो. प्रांटल यांनी १९१४ साली हे मोठ्या युक्तीने सिद्ध केले. त्यांनी गोलावर एक बारीक तारेचे कडे बसविले. गुळगुळीत गोलास असा अडथळा केला म्हणजे रोध वाढावा असे कोणासही वाटेल. तो उलट कमी झाला! आपल्या क्रिकेटवेड्या मुलांस हे उदाहरण सहज पटेल. नव्या चेंडूची शिवण तिरकी धरून टाकली असता चेंडू हवेत वळतो, तो याच न्यायाने. शिवणीच्या बाजूचा थर खळबळून चेंडूस अधिक वेळ चिकटतो, दुसऱ्या बाजूचा लवकर सुटतो.

दुसरे काम विमानाच्या पंखांचे. पंखाखाली दाब अधिक व वर कमी, म्हणून विमान उचलले जाते. परंतु पंखाच्या टोकाशी खालची हवा वर वळते आणि तेथून भोवऱ्यांचे दोन पट्टे विमानामागे लांबवर पसरतात. हे भोवरे निर्माण करण्यास शक्ती खर्च होते, म्हणजे उचलीचे मोल रोधाच्या रूपाने चुकवावे लागते. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांस हा विचार आधीच सुचला होता. पण तो रोध नेमका किती, हे आकड्यांत काढून देणारे गणित प्रांटल यांनी बेट्झ व मुंक या सहकाऱ्यांसह बांधले आणि १९१८-१९ मध्ये प्रसिद्ध केले. लांब व अरुंद पंखांस हा रोध कमी का होतो, उचल पंखभर कशी वाटली असता तो सर्वांत कमी होतो, हे त्यामुळे कळले. तोवर अंदाजाने होणारी पंखांची आखणी आता कागदावर हिशेब करून होऊ लागली.

एवढे मोठे कार्य करणारा हा पुरुष स्वभावाने अतिशय साधा होता. ते उत्तम वक्ते नव्हते. प्रत्येक विधान तंतोतंत खरे असावे या काळजीने त्यांचे व्याख्यान संथ होई. पियानो वाजविण्याची त्यांस आवड होती, आणि खेळण्यांतील यंत्ररचना पाहण्यात ते लहान मुलाप्रमाणे रंगून जात. १९०९ साली त्यांनी आपले गुरू फोपल यांच्या ज्येष्ठ कन्येशी विवाह केला. गुरुपत्नींजवळ मागणी घालताना दोन कन्यांपैकी कोणती, हे सांगावयासच ते विसरले, अशी एक आख्यायिका त्यांचे शिष्य सांगत. त्यांस दोन कन्या झाल्या.

त्यांचे खरे वैभव म्हणजे त्यांची शिष्यपरंपरा. ऐंशीच्या आसपास विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ डॉक्टरेट केली. त्यांची शिकविण्याची रीत अशी की, विद्यार्थ्यास प्रश्न द्यावयाचा, उपकरण त्याच्याकडूनच बांधून घ्यावयाचे आणि गणित व प्रयोग ही दोन्ही एकाच हातांनी करवावयाची. एका विद्यार्थ्यास त्यांनी पाण्याच्या पाटात नळकांडे ठेवून त्याभोवतीचा दाब मोजण्यास सांगितले. पाण्याची थरथर काही थांबेना. विद्यार्थी पाट पुनःपुन्हा दुरुस्त करी, प्रवाह पुन्हा डोलू लागे. तेथे सहाय्यक असलेले थिओडोर फॉन कारमान हे रोज सकाळी त्यास विचारीत, आणि उत्तर रोज तेच येई. तेव्हा कारमान यांनी ताडले की हा उपकरणाचा दोष नसून निसर्गाचा नियमच आहे. नळकांड्यामागे भोवरे आळीपाळीने डावे-उजवे सुटतात, हा त्यांचा १९११ चा शोध आज कारमान यांच्याच नावाने ओळखला जातो. ब्लासियस, श्लिख्टिंग, टोलमीन, आकेरेट इत्यादी नावे अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्यास परिचित आहेत. इर्मगार्ड फ्ल्यूगे-लोट्झ या विदुषीने याच संस्थेत पंखांच्या गणिताची सुलभ पद्धत बसविली; पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकीच्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या.

या परंपरेची एक शाखा आपल्याही अंगणात आली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज परिसरात १९०८ साली जन्मलेले विष्णू माधव घाटगे हे गटिंगेनला जाऊन प्रांटल यांचे शिष्य झाले आणि १९३६ साली त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतल्यावर बंगळुरात त्यांनी वैमानिकीचे अध्यापन केले, आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली तेथे निघालेल्या विमान कारखान्यात ते अभिकल्पक झाले. १९५१ साली आकाशात झेपावलेले एच. टी. २ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान, भारतात आखले गेलेले व घडविलेले, त्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाले. त्याच वर्षी सतीश धवन हे अमेरिकेत कारमान यांनी नावारूपास आणलेल्या प्रयोगशाळेतून डॉक्टरेट घेऊन बंगळुरास आले. त्यांच्या प्रबंधाचा विषय पृष्ठभागावरील वायुघर्षणाचे प्रत्यक्ष मापन, म्हणजे प्रांटल यांच्या त्याच सीमास्तराचा होता. हेच धवन १९७२ पासून भारताच्या अंतराळ कार्याचे धुरीण झाले.

येथवरचे चरित्र वाचून प्रत्येकाचे मन आदराने भरेल. पण चरित्र लिहावयाचे तर ते पूर्ण लिहिले पाहिजे. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू कुळात जन्मल्याच्या एकाच अपराधासाठी गटिंगेनचे नामांकित विद्वान पदच्युत झाले. माक्स बोर्न गेले, रिचर्ड कूरांट गेले, एमी नोएथर गेल्या. ज्या विद्यापीठाचे नाव गणितात जगात अग्रगण्य होते, ते काही महिन्यांत ओस पडले. त्याच वेळी प्रांटल यांच्या संस्थेकडे मात्र विमानखात्याचा पैसा ओघाने येऊ लागला. प्रांटल नात्झी पक्षाचे सभासद झाले नाहीत. हायझेनबर्ग या तरुण भौतिकशास्त्रज्ञावर हल्ले होऊ लागले तेव्हा त्यांनी १९३८ साली प्रत्यक्ष हिमलर यांस पत्र लिहून त्यांची बाजू घेतली. हे धैर्यच होय. परंतु एवढे करूनही ते त्या राजवटीच्या सेवेत राहिले, विमानखात्याच्या संशोधनाची धुरा त्यांनी वाहिली, आणि इंग्लंडमधील आपले विद्वान स्नेही जी. आय. टेलर यांच्या कुटुंबास लिहिलेल्या पत्रांतून राजवटीचे समर्थनही केले. युद्धाने तो स्नेह तुटला.

१९४५ साली जर्मनी पडली. तेव्हा अमेरिकी सैन्यातर्फे जर्मन संशोधनाची चौकशी करावयास जे गटिंगेनला आले त्यांत फॉन कारमान होते. ते जन्माने ज्यू, जर्मनी सोडून अमेरिकेचे झालेले. त्यांच्याबरोबर त्यांचा चिनी शिष्य छ्येन श्वेसन होता. हाच पुढे चीनच्या क्षेपणास्त्रविद्येचा जनक झाला. गुरू, शिष्य व प्रशिष्य अशा तीन पिढ्या एका ठिकाणी आल्या, परंतु प्रश्न विचारणारा शिष्य होता आणि उत्तरे देणारा गुरू. विद्येच्या इतिहासात याहून विषण्ण करणारी गुरुशिष्यांची भेट क्वचितच झाली असेल.

भिंतीलगतचा अदृश्य थर ज्या डोळ्यांनी पाहिला त्यांस आपल्याच गावातील शेजाऱ्यांची हकालपट्टी दिसली नसेल असे म्हणवत नाही. दिसली, परंतु आपले काम राजकारणापासून अलग आहे असे त्यांनी मानले. विद्वानाचे काम असे अलग राहू शकत नाही, हे त्यांच्या चरित्राने दाखविले आहे. हा दोष सांगितल्याने त्यांच्या शास्त्राचे तेज उणे होत नाही, आणि त्या तेजामुळे हा दोषही झाकला जात नाही.

युद्धोत्तर वर्षांत वृद्ध प्रांटल हवामानशास्त्राच्या प्रश्नांकडे वळले. नोबेल पारितोषिक त्यांस कधीच मिळाले नाही. १५ ऑगस्ट १९५३ रोजी गटिंगेन येथे, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते निवर्तले. खळबळत्या प्रवाहाचे जे कोडे त्यांनी आयुष्यभर उलगडू पाहिले, ते आजही पुरते सुटलेले नाही. म्हणजे आपल्या मुलामुलींसाठी काम शिल्लक आहे.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरीस लागली म्हणजे आपण कृतार्थ होतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण एखाद्या दिवशी ते मूल घरी येऊन म्हणाले की आज यंत्र पुस्तकात सांगितल्याप्रमाणे चालले नाही, तर पगार मिळाला ना, मग कशास विचार करतोस, असे त्यास म्हणू नये. त्याजवळ बसून काय घडले ते ऐकून घ्यावे. प्रांटल यांच्या वडिलांनी मुलासाठी तेवढेच केले होते. आणि ते मूल मोठ्या पदास चढले, तर आपल्या शेजारच्या माणसावर अन्याय होत असता आपले काम निराळे आहे असे म्हणून त्याने मान वळवू नये, हेही त्यास लहानपणीच सांगून ठेवावे. या चरित्रापासून घेण्यासारखे हे दोन धडे आहेत, आणि दोन्ही बरोबरच घ्यावयाचे आहेत.